पटकथाकाराचे खर्डे आणि त्यांचा हिशेब

सिनेमा पाहून बाहेर पडताना आपण नटाचे नाव घेतो, गाण्याची चाल गुणगुणतो, फार झाले तर दिग्दर्शकाची तारीफ करतो. हा सिनेमा लिहिला कोणी, असे विचारणारा शंभरांत एखादा निघतो. आणि तो कितीदा लिहिला, हे तर कोणीच विचारीत नाही. आज आम्ही बोलणार आहोत ते या शेवटच्या प्रश्नावर.

बिडी कामगारांच्या संघटनेत ज्यांची तीस वर्षे गेली, त्यांनी वसंत व्याख्यानमालेत सिनेमाच्या लेखनावर का बोलावे, अशी शंका पुढच्या रांगेतील एकदोन चेहऱ्यांवर आम्हांला दिसते आहे. शंका रास्त आहे. आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत. साहित्यशास्त्र आम्हांला येत नाही. पण एखादे काम किती झाले, कोणाच्या सांगण्यावरून झाले आणि त्याचे दाम कुठे अडले, हे हुडकून काढण्यात आमचे आयुष्य गेले आहे. पटकथा लिहिणे हे काम आहे, आणि त्याचा हिशेब मोठा चमत्कारिक आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. कादंबरी लिहून छापली की ती पुरी झाली. वाचकाने ती आवडून घ्यावी की नाही एवढेच उरते. पटकथेचे तसे नाही. पटकथा वाचणाऱ्यांत वाचनाच्या आनंदासाठी वाचणारा कोणीच नसतो. निर्माता ती खर्चाच्या अंगाने वाचतो, नट आपल्या वाट्याला काय आले ते पाहतो, छायाचित्रकार उजेड कुठून येणार ते पाहतो, नेपथ्याचा माणूस भिंती मोजतो. अमेरिकेत पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचा साधारण एक मिनिट असा ठोकताळा आहे. म्हणजे दोन तासांच्या चित्रपटाला सुमारे एकशेवीस पाने झाली. या एकशेवीस पानांवर पंचवीस प्रकारची माणसे आपापल्या कामाची आखणी करतात. रात्रीचा प्रसंग दिवसाचा केला तर दिव्यांचा खर्च वाचतो, असे कोणाच्या तरी ध्यानात येते. नदी दाखवायची तर त्या महिन्यात नदीला पाणी नसते. नायिकेच्या तारखा आठच दिवस मिळतात. यांतले प्रत्येक कारण खरे असते आणि प्रत्येक कारण लेखकाच्या टेबलावर येऊन पडते. तेव्हा पटकथा पुन्हा लिहावी लागते यात अन्याय काहीच नाही. ते त्या वस्तूच्या जातीतच आहे. हे आम्ही आधीच सांगून ठेवतो. पुढे आम्ही लेखकांची बाजू घेणार आहोत, आणि ती घेताना पुनर्लेखन हीच पीडा आहे असा समज कोणाचा होऊ नये.

हॉलिवूडमध्ये या लिखाणाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी कथाविस्तार, म्हणजे संवादाशिवाय सांगितलेली सगळी गोष्ट. मग पहिला खर्डा. मग पुनर्लेखन, म्हणजे प्रसंगांची उलथापालथ, पात्रे कमीजास्त करणे वगैरे. आणि शेवटी हलका हात, ज्याला ते पॉलिश म्हणतात. त्यात बहुधा संवाद घासूनपुसून घेतात. प्रत्येक पायरीला निराळे नाव आणि निराळा दर. चित्रीकरणाची तयारी सुरू झाली की पाने आणि प्रसंगांचे आकडे कायम केले जातात. त्यानंतर बदल झाला तर सगळी पटकथा नव्याने वाटीत नाहीत; बदललेली पानेच तेवढी वाटतात, आणि ती रंगीत कागदावर. मूळ पाने पांढरी, पहिल्या बदलाची निळी, दुसऱ्याची गुलाबी, मग पिवळी, मग हिरवी, असा क्रम. बदललेल्या ओळीसमोर समासात चांदणी. सत्तेचाळिसाव्या पानावर मजकूर वाढला तर पुढची पाने ढकलीत नाहीत. ‘४७-ए’ असे नवे पान घालतात. एखादा प्रसंग काढून टाकला तर त्याचा आकडा दुसऱ्याला देत नाहीत. आकडा तसाच ठेवून त्यापुढे ‘वगळले’ असे लिहितात. कारण कपडेवाल्यापासून मोटारवाल्यापर्यंत सगळ्यांच्या याद्या त्या आकड्यांवर बांधलेल्या असतात. हल्ली कागद पुष्कळ ठिकाणी गेला आणि पडद्यावरचे पान आले, तरी रंगांची नावे टिकून आहेत. आम्हांला ही पद्धत फार आवडली. तिच्यात बदल लपवता येत नाही. कोणत्या तारखेला काय बदलले ते कागदाच्या रंगावरून शिपायालाही कळते.

खर्ड्यावर खर्डे चढूनही उत्तम चीज तयार होते याचा नामांकित दाखला म्हणजे ‘कॅसाब्लांका’. मरे बर्नेट आणि जोन ॲलिसन यांचे एक नाटक होते; ते रंगभूमीवर आलेलेच नव्हते. वॉर्नर कंपनीने ते वीस हजार डॉलरना घेतले आणि ज्युलियस व फिलिप एपस्टाइन या जुळ्या भावांकडे पटकथेसाठी सोपवले. काम चालू असताना हे भाऊ युद्धविषयक माहितीपटांच्या कामासाठी वॉशिंग्टनला निघून गेले. मग हॉवर्ड कॉक यांना बसवले. भाऊ परत आले, तेव्हा एकाच पटकथेवर दोन तुकड्या काम करू लागल्या. भावांचा ओढा खुसखुशीत बोलण्याकडे, तर कॉक यांचा राजकारणाकडे. प्रेमाचे प्रसंग दुरुस्त करायला केसी रॉबिन्सन नावाचे आणखी एक लेखक आले. त्यांचे नाव पडद्यावर नाही. २५ मे १९४२ रोजी चित्रीकरण सुरू झाले तेव्हा पटकथा पुरी नव्हती, आणि आपण शेवटी कोणाबरोबर जाणार हे नायिकेचे काम करणाऱ्या इंग्रिड बर्गमनला बरेच दिवस कळेना. चित्रपटाचे अगदी शेवटचे वाक्य तर निर्माते हॅल वॉलिस यांनी चित्रीकरण संपल्यावर लिहिले आणि हम्फ्री बोगार्टला पुन्हा बोलावून त्याच्या आवाजात ते भरले. एवढ्या हातांतून गेलेल्या या लिखाणाला पटकथेचे ऑस्कर मिळाले.

आता कोणी म्हणेल, मग तक्रार कसली? तक्रार नाहीच. त्या काळी लेखक कंपनीचे पगारी नोकर असत. जॅक वॉर्नर त्यांना कारकुनांसारखे ठरावीक वेळात कचेरीत बसवीत. खर्डा पहिला असो की नववा, आठवड्याचा पगार चालू असे. आणि वॉलिस यांच्यासारखा एक माणूस वर बसलेला असे, त्याचा शब्द शेवटचा. पुनर्लेखन सोसवण्यासाठी लागणाऱ्या दोन गोष्टी तिथे होत्या: कामाचे दिवस मोजले जात होते, आणि सूचना एका तोंडातून येत होती. नाव कोणाचे लागेल याचा मात्र तेव्हा भरवसा नव्हता. तो नंतर कसा आला ते पुढे येईल.

त्याआधी या सूचनांविषयी बोलू. सिनेमाच्या धंद्यात त्यांना ‘नोट्स’ म्हणतात. नवशिका लेखक या नोट्सनी घायाळ होतो, नाही तर सगळ्या निमूटपणे अमलात आणतो. दोन्ही प्रकारांत पटकथा बिघडते. आम्ही ज्या जुन्या लेखकांशी बोललो त्यांचे म्हणणे साधारण असे पडले. दुखते कुठे, हे रोगी बहुतेक बरोबर सांगतो. औषध कोणते हे मात्र त्याच्याकडून घेऊ नये. निर्माता म्हणतो, ‘मध्यंतरानंतर एक मारामारी घाला.’ मारामारी हे औषध झाले. दुखणे असे की मध्यंतरानंतर त्याला कंटाळा आला. का आला? शोधून पाहावे तर असे आढळते, की नायकाला जे हवे होते ते मध्यंतराआधीच त्याच्या हाती लागले आहे; वाट पाहावी असे प्रेक्षकाला काही उरलेले नाही. म्हणजे दुरुस्ती साठाव्या पानावर नव्हे, चाळिसाव्यावर करायला हवी. ती नीट केली तर निर्मात्याला मारामारीची आठवणही राहत नाही.

सूचना लेखकाला नकोशी असली तरी चुकीचीच असते असे नाही. रॉबर्ट टाउन यांनी ‘चायनाटाउन’ (१९७४) लिहिला. दिग्दर्शक रोमन पोलान्स्की आणि ते कित्येक आठवडे पटकथेवर झगडत बसले होते. टाउन यांच्या मनात नायिका वाचावी असे होते. पोलान्स्कींना ती मरायला आणि दुष्ट बाप सुटायला हवा होता. शेवट पोलान्स्कींच्या मनासारखा झाला. टाउन यांचे मन बराच काळ खट्टू होते. पुढे त्यांनीच कबूल केले की दिग्दर्शकाचे बरोबर होते. त्या चित्रपटाला मिळालेले एकुलते एक ऑस्कर टाउन यांच्या पटकथेला मिळाले.

पण पोलान्स्की हा एक माणूस होता. हल्ली लेखकाच्या हाती जे टिपण येते त्यात निर्मात्याचे एक मत असते, पैसा लावणाऱ्याचे दुसरे, वाहिनीच्या किंवा ओटीटी कंपनीच्या अधिकाऱ्याचे तिसरे, आणि नटाच्या मेव्हण्याचे चौथे. एक म्हणतो विनोद वाढवा, दुसरा म्हणतो गांभीर्य आणा. दोघेही एकाच कागदावर. अशा वेळी अनुभवी लेखक लिहायला बसतच नाही. तो एक पत्र धाडतो: कलम तीन आणि कलम अकरा एकमेकांच्या उलट आहेत, यांतले कोणते पाळू ते कृपया एकमताने कळवावे. या पत्रात उद्धटपणा काही नाही. भांडण त्यांचे त्यांनी मिटवावे, ते लेखकाच्या पाठीवर बसून भांडू नये, एवढाच त्याचा अर्थ.

आता आमच्या मूळ मुद्द्याकडे येऊ. सोलापुरात ज्यांच्या घरी बिड्या वळल्या जातात त्यांना ‘छाट’ म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. बाईने वळलेल्या बिड्या घेऊन ती गेली, की तिथला माणूस त्यांतल्या काही वाईट म्हणून बाजूला काढतो, ती छाट. छाटीची मजुरी मिळत नाही. आणि छाट काही कचऱ्यात जात नाही. बहुतेक वेळा ती मालकाकडेच किंवा ठेकेदाराकडे राहते. माल घेतला, पण घेतला असे म्हटले नाही. हे दुखणे इतके जुने आणि इतके सार्वत्रिक, की १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्यात, नाकारलेल्या बिड्या आणि त्यांची मजुरी यांवरचे तंटे ठरावीक अधिकाऱ्यापुढे नेण्याची तरतूद करावी लागली.

पटकथेच्या धंद्यात छाट आहे. ती कशी पडते ते पाहण्यासारखे आहे. लेखकाच्या करारात लिहिलेले असते की पहिला खर्डा सादर केल्यावर रकमेचा हप्ता मिळेल. सादर कोणाकडे? कंपनीकडे. पण लेखक आणि कंपनी यांच्यामध्ये निर्माता असतो. लेखक खर्डा निर्मात्याला दाखवतो. निर्माता म्हणतो, ‘छान आहे. पण वर पाठवण्याआधी दुसरा अंक जरा घट्ट करू या, एकदाच दाखवायची संधी मिळते.’ बोलणे गोड असते आणि पुष्कळदा प्रामाणिकही असते. लेखक तीन आठवडे बसून अंक घट्ट करतो. मग नायिकेचे पात्र जरा उठावदार करायचे असते. मग शेवट. असे चार खर्डे होतात, आणि कागदोपत्री एकही सादर झालेला नसतो. म्हणून हप्ता देय झालेलाच नसतो. हॉलिवूडचे लेखक याला फुकटचे पुनर्लेखन म्हणतात. आमच्या भाषेत, ठेकेदाराच्या ओट्यावर माल पडून आहे, कारखान्याच्या वहीत चढलेला नाही.

यावर तिथल्या लेखकांनी काय केले त्याची हकीकत थोडक्यात सांगतो. मार्च १९३३ मध्ये मंदीच्या भरात अमेरिकेतल्या बँका बंद पडल्या, तेव्हा स्टुडिओवाल्यांनी आठ आठवड्यांसाठी पगार निम्मे करण्याचे फर्मान काढले. रंगमंचावरच्या आणि यंत्रांवरच्या कामगारांची जुनी युनियन होती. तिने कपात साफ नाकारली, आणि तिच्या सभासदांवरची कपात टळली. लेखकांना युनियन नव्हती; त्यांना ती सोसावी लागली. एका इमारतीत काम करणाऱ्या सुताराचा पगार शाबूत आणि साहित्यिकाचा अर्धा, हा धडा पुस्तकात मिळणारा नव्हता. त्याच वर्षी जॉन हॉवर्ड लॉसन यांच्या अध्यक्षतेखाली लेखकांची स्क्रीन रायटर्स गिल्ड उभी राहिली. मालकांनी तिच्यासमोर आपल्या मर्जीतली दुसरी संघटना उभी केली. (हा डाव आमच्याकडच्या जुन्या कार्यकर्त्यांना नवा नाही.) तरीही १९४० च्या दशकाच्या आरंभी गिल्डशी करार झाला, आणि पडद्यावर लेखक म्हणून कोणाचे नाव लागावे याचा निर्णय हळूहळू मालकांच्या हातून निघून लेखकांच्या स्वतःच्या पंचांकडे आला.

ही पंचांची पद्धत मजेशीर आहे. एका पटकथेवर पाच-सात जणांनी काम केले असेल आणि नावावरून वाद उठला, तर सगळे खर्डे क्रमाने तीन पंचांकडे जातात. ते तिघेही लेखकच असतात, आणि ते कोण हे तंटा करणाऱ्यांना कळू देत नाहीत. खर्ड्यांवर लेखकांची नावे नसतात. लेखक अ, लेखक ब, लेखक क, एवढेच. कोणाचा वाटा किती, हे वाचून ठरवायचे. मूळ कल्पनाच ज्याची, अशा पटकथेत मागाहून आलेल्या लेखकाला नाव मिळवायचे तर निम्म्याच्या आसपास काम त्याचे असावे लागते. इंग्रजी श्रेयनामावलीत दोन नावांमध्ये कधी ‘अँड’ हा शब्द पूर्ण लिहिलेला असतो आणि कधी त्याचे वेटोळे चिन्ह असते. ती छपाईची लहर नसते. चिन्ह असले तर दोघे जोडीने बसून लिहीत होते. शब्द असला तर एकामागून एक आले, कदाचित एकमेकांचे तोंडही न पाहता. पुढच्या खेपेला इंग्रजी सिनेमा पाहाल तेव्हा नीट बघा.

फुकटच्या पुनर्लेखनाचा प्रश्न मात्र पुरता सुटला नाही. मोठ्या नावाच्या लेखकाला तीनचार पायऱ्यांचा करार मिळतो. नवख्याला एकाच पायरीचा, म्हणजे पहिला खर्डा आणि बस्स. वरवर पाहता एकच खर्डा लिहायचा म्हणजे काम कमी. प्रत्यक्षात उलट होते. दुसऱ्या पायरीचे पैसे कोणाला द्यायचेच नाहीत, म्हणून पहिल्या पायरीतच सगळे उरकून घेतले जाते. तो मुलगा तरी नाही कसे म्हणणार? २ मे २०२३ पासून अमेरिकेतले पटकथालेखक संपावर गेले. एकशे अठ्ठेचाळीस दिवस संप चालला. वर्तमानपत्रांत गाजला तो कृत्रिम बुद्धिमत्तेचा मुद्दा, आणि तो महत्त्वाचा होताच: यंत्राने काढलेला मजकूर लेखकाचे लिखाण म्हणून धरला जाणार नाही, लेखकाच्या हाती असा मजकूर दिला तर तसे सांगावे लागेल, आणि ते यंत्र वापरण्याची सक्ती लेखकावर करता येणार नाही, हे करारात आले. पण आमच्या दृष्टीने मोलाचे कलम दुसरेच होते. पहिल्या खर्ड्यासाठी किमान दराच्या दुपटीपर्यंत मोबदला घेणाऱ्या लेखकाला दुसरी पायरी, म्हणजे पैसे देऊन करवून घेतलेले पुनर्लेखन, देणे बंधनकारक झाले. हे कलम चार ओळींचे असेल. नवख्या लेखकाला त्यामुळे ‘हे दुसऱ्या पायरीत पाहू’ असे म्हणता येऊ लागले. मालकाशी बोलताना हाताशी असे एक वाक्य असणे किती मोठी गोष्ट आहे, हे ज्यांनी वाटाघाटी केल्या आहेत त्यांनाच कळेल.

मुंबईकडे वळण्याआधी, लेखक एका वेळी तीनचार पटकथा का अंगावर घेतो, ते सांगायला हवे. लोकांना तो हावरेपणा वाटतो. पण लिहिलेल्या पटकथांपैकी पडद्यावर जाणाऱ्या थोड्या. ज्या पटकथेची काल घाई होती ती आज फळीवर जाते: नटाने नकार दिला, कंपनीतला अधिकारी बदलला, तशाच गोष्टीचा दुसऱ्याचा सिनेमा पडला. सहा महिने फळीवर पडलेली पटकथा अचानक एका सोमवारी जिवंत होते आणि शुक्रवारपर्यंत हवी असते. एकाच घोड्यावर सारे लावणारा लेखक उपाशी मरेल. म्हणून तो चार घोडे बाळगतो, आणि चौघांचेही मालक आपलाच घोडा पहिला असे धरून चालतात. ज्याचा फोन सर्वांत मोठ्याने वाजतो त्याचे काम आधी, ही बहुतेकांची रीत. आणि ती वाईट आहे. ज्याच्या कामाची तारीख करारात आहे आणि ज्याने आगाऊ रक्कम दिली आहे त्याचे आधी. ज्याने नुसता उत्साह दाखवला त्याचे नंतर. फळीवरची पटकथा उतरवून मागणाऱ्याला पहिल्यांदा विचारावे की ही नवी पायरी आहे की जुनीच. आम्ही बदली कामगार पाहिले आहेत. काम मिळेल की नाही ते सकाळी दारात उभे राहिल्यावर कळायचे. त्यांच्या मनाची जी ओढाताण होते तीच या लेखकाची होते, फक्त तो घरात बसून दाराशी उभा असतो.

मुंबईच्या सिनेमात लिखाणाची वाटणी निराळी आहे. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. ‘अर्धसत्य’ (१९८३) घ्या: कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा विजय तेंडुलकरांची, हिंदी संवाद वसंत देवांचे. कामाचे रूपही तोंडी. ‘सिटिंग’ म्हणजे सगळ्यांनी बसून गोष्ट घोळवायची, ‘नरेशन’ म्हणजे लेखकाने ती नटासमोर रंगवून सांगायची. सिटिंगमध्ये झालेला बदल कोणत्याही कागदावर नसतो. मग त्याचा हिशेब तरी कुठून असणार? तोंडी धंद्यात नावाची काय किंमत असते ते सलीम-जावेद या जोडीने जाणले होते. ‘जंजीर’ (१९७३) च्या भित्तिपत्रकांवर लेखकांची नावे नव्हती. या दोघांनी रंगारी लावून रातोरात शहरभरच्या भित्तिपत्रकांवर आपली नावे रंगवून घेतली. मालकाच्या कागदावर आपण आपली नोंद करणे, याहून सरळ संघटनकार्य आम्हांला ठाऊक नाही. त्यांनाही सरकारपुढे मात्र नमावे लागले. ‘शोले’ (१९७५) मध्ये ठाकूर गब्बरला ठार करतो असा शेवट त्यांनी लिहिला होता आणि तो चित्रित झाला होता. ते आणीबाणीचे दिवस. सेन्सॉरने हरकत घेतली, आणि पोलीस येऊन गब्बरला नेतात असा शेवट पुन्हा चित्रित करावा लागला. पहिला शेवट २०२५ साली दुरुस्त केलेल्या प्रतीत मोठ्या पडद्यावर आला.

कायद्याने लेखकाला एक गोष्ट दिली आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, सिनेमागृहाबाहेर त्याच्या लिखाणाचा जो उपयोग होतो त्यातल्या मानधनाचा वाटा लेखकाला करारानेही सोडून देता येत नाही. राज्यसभेत हा विषय लावून धरणाऱ्यांत जावेद अख्तर होते. पण किती खर्डे लिहून घ्यायचे, यावर कायदा काही बोलत नाही. ते कराराचे काम आहे. मुंबईतल्या पटकथालेखकांच्या संघटनेने किमान कराराचा नमुना केलेला आहे. तो प्रत्येक निर्मात्याकडून मान्य करून घेणे हे पुढचे काम.

मराठी मालिका लिहिणाऱ्यांची गोष्ट आणखी निराळी. तिथे फळी नाही, रोजचा भाग आहे. काही भाग आधी लिहून ठेवलेले असतात. त्याला ते ‘बँक’ म्हणतात. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. आकडा घसरला की सूनबाईचा जो स्वभाव महिनाभर बांधीत आणला तो सोमवारपर्यंत बदलायचा, आणि बँकेतले भाग रद्द. रद्द भागाचे पैसे मिळतात की नाही, हे त्या त्या करारावर आणि त्या त्या माणसाच्या भिडस्तपणावर अवलंबून.

आमच्या एका जुन्या सभासद बाईंचा मुलगा मुंबईत हे काम करतो. दोन वर्षांपूर्वी तो पिशवीभर कागद घेऊन कचेरीत आला. एका चित्रपटाचे नऊ खर्डे. हातात पडली होती ती फक्त सही करतानाची रक्कम. ‘काका, सगळे म्हणतात शेवटचा बदल, पण शेवट येत नाही,’ तो म्हणाला. आम्ही त्याला विचारले, ‘बाबा, कितव्या खर्ड्याला कोणी काय सांगितले?’ ते त्याला आठवत होते, पण कुठे लिहिलेले नव्हते. खर्ड्यांवर तारखाही नव्हत्या. मग दोन दिवस आम्ही दोघांनी त्याच्या फोनमधले निरोप काढून एक तक्ता केला: तारीख, कोणी सांगितले, काय सांगितले, किती पाने बदलली, कधी पाठवले. बिड्यांच्या हिशेबाची जुनी वही समोर ठेवूनच केला. तक्ता भरल्यावर दिसले की पाचवा आणि आठवा खर्डा जवळजवळ सारखेच होते. एकाने काढायला लावले ते दुसऱ्याने परत घालायला लावले होते. तो तक्ता, एक नम्र पत्र आणि संघटनेच्या नावे एक प्रत, असे सगळे निर्मात्याकडे गेले. पैसे नऊ खर्ड्यांचे मिळाले नाहीत, दोनांचे मिळाले. चित्रपट फळीवर गेला तो अजून तिथेच आहे. मुलगा सध्या दुसऱ्याच एका मालिकेचे भाग लिहितो. आता प्रत्येक खर्ड्याच्या पहिल्या पानावर तो आकडा आणि तारीख घालतो, आणि सिटिंगहून घरी आल्यावर, जेवण्याआधी, काय ठरले ते चार ओळींत सगळ्यांना कळवतो.